सव्वासात रत्ती

चाळीस वर्षं मी पोवळं तोलत आलो
जळगावच्या सराफ बाजारात,
दुसान्यांच्या पेढीवर, आतल्या फळीशी.
मंगळ कडक असला की सव्वासात रत्ती,
सौम्य असला की गिऱ्हाइकाचा खिसा बघून.
लिंबाचा थेंब टाकायचा. फेस आला की खरं.
फेस कशाचा, हे कुणी विचारलं नाही
आणि मीही नाही.

निवृत्त झालो तेव्हा प्रणिताने तिकिटं काढली.
चार रात्री बोटीवर.
"आबा, नळीतून श्वास घ्यायचा, बाकी काही नाही."
बाकी काही नाही, म्हणून मी एप्रिलभर
असोद्याच्या मळ्यातल्या हौदात पालथा पडून राहिलो,
केळीला जायचं पाणी, शेवाळाचा वास,
नाकावर रबराची घट्ट पकड.
भिका सालदार काठावर उकिडवा बसून विचारी,
"आबा, काय करी ऱ्हायनात?"
नळीतून उत्तर देता येत नाही.
ही एक चांगली सोय आहे.

आमच्या गावावरून रोज जाते ती गाडी
जिच्या डब्यावर लक्षद्वीप लिहिलेलं असतं.
मी आजवर फक्त तिला उशीर किती एवढंच ऐकलं होतं.
तिच्यात बसलो. तीसुद्धा समुद्रापाशीच थांबते,
पुढे हमजाकोयाची बोट.

पहिल्या दिवशी फक्त खारट पाणी प्यालो.
दुसऱ्या दिवशी हमजाकोयाने मनगट धरलं
आणि खाली बाजार उघडला.
सवयीने मी भाव काढायला गेलो,
मोहरीच्या फुलासारखं एक झाड, की जनावर, की दगड,
त्याने तोंड मिटलं.
दगड तोंड मिटत नाही, दुसाने.

"तुमचं लाल पोवळं हे नव्हे," तो बोटीवर म्हणाला,
"ते खोल, गार पाण्यातलं. हे त्याचं गणगोत."
गणगोतातही एवढी माणसं असतात
हे पेढीवर कळत नाही.

एक हिरवा मासा पोवळं कुरतडत होता,
कर्र, कर्र,
हुबेहूब माझी कानस.
मागे त्याच्या अंगातून पांढरी रेती सांडत होती,
आणि तळाशी एक लांबट, आंधळा जीव
ती चाळत बसला होता, सकाळी आमच्या गटारीशी
झारेकरी बसतो तसा, घाई न करता.

तिसऱ्या दिवशीचा तुकडा पांढरा होता.
दूरवर पांढरा. वर मासे नाहीत.
"पाणी तापलं," हमजाकोया म्हणाला. "दोन अंश."
"दोनच?" मी हसलो. "आमच्याकडे मे महिन्यात
सेहेचाळीस होतं, आम्ही कांदा खिशात घालून फिरतो."
तो हसला नाही.
"चाचा, तुमच्या अंगात दोन अंश वाढले तर
त्याला तुम्ही हवामान म्हणता?"
मी नळी तोंडात घातली.

रात्री फळ्यांवर झोपलो. पाठीखाली समुद्र
कुणी तांदूळ पाखडतं तसा.
प्रणिताने विचारलं, आवडलं का.
झोपेचं सोंग मला अजून जमतं.

आता अजून मंगळवारी भाचा बोलावतो, गर्दी असते म्हणून.
परवा पाचोऱ्याहून एक बाई आली, मुलाला घेऊन.
मुलगा मोबाइलमध्ये, मंगळ पत्रिकेत.
"सव्वासात रत्ती. पण खरं पाहिजे, काका."
मी लिंबू कापलं.
थेंब टाकला. फेस आला.
आणि कान नकळत खाली गेला,
कारण तिथे पाण्यात सतत हाच बारीक आवाज होता,
गरम तव्यावर मीठ तडतडावं तसा,
हजार तोंडांचा.

"काय ऐकता?"
नळी तोंडात नव्हती. उत्तर द्यावं लागलं.
"बाई, हे जिवंत होतं."
तिने खडा हातात घेतला, उजेडाकडे धरला,
परत ठेवला.
"मग भावात काही कमी होईल का?"